तुला विचारलं होतं, ताई

ताई,

दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून माणसं मागे सरकतात न सरकतात तोच आला, भाताचं शीत उचललं आणि तळ्यावरून उडून गेला. सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "सुटली बिचारी. मनात कायपन राहिला नव्हता तिच्या."

मी तिथे दात आवळून उभी होते. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच मला दिसलं. तुझ्या मनात काय राहिलं होतं ते मला ठाऊक आहे. तू माझ्या कानात सांगितलं होतंस. आणि तू ते माझ्याच कानात सांगितलंस, दुसऱ्या कुणाच्या नाही, याचाच मला राग आहे. जाणाऱ्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. भाऊजींवर, तुझ्या लेकावर, प्रशांतवर, त्या काचेच्या दारामागच्या डॉक्टरांवर, आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर.

मी पनवेल शहरातून या घरात तुझी धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा कामोठ्यात आपल्या गावाच्या चारी बाजूंनी इमारती उठत होत्या. शेतं गेली होती. घरातली पुरुषमाणसं मिळालेल्या पैशांचं काय करायचं यावर ओट्यावर बसून दिवसदिवस बोलायची. तू मात्र शेत गेलं त्याच वर्षी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या द्यायला सुरुवात केली होतीस. सकाळी परातीसमोर बसायचीस ती दुपार होईपर्यंत उठायची नाहीस. मी बी.एड. झालेली, घरात नुसती बसलेली. मागच्या दोन खोल्यांत शिकवणी सुरू करते म्हटलं तर भाऊजी आणि माझा नवरा, नितीन, दोघांनीही नकारार्थी मान हलवली. घरात परकी पोरं नकोत म्हणाले. तू पीठ मळता मळता बोललीस, "बाय, तू शिकव. भाकऱ्या थापाला शाळा नाय लागत, त्या मी थापतंय." भाऊजी पुढे एक शब्द बोलले नाहीत. या घरात तू असंच करायचीस. आवाज न चढवता निकाल लावायचीस. माझा क्लास, प्रशांतचं इंजिनिअरिंग, गावकीतली भांडणं, सगळ्यात शेवटचा शब्द तुझा. मग स्वतःच्या वेळी तुझी जीभ कुठे गेली?

नाही, या लपवालपवीची सुरुवात आधीच झाली होती. आईंच्या वेळी.

सासूबाईंच्या यकृताचं दुखणं हाताबाहेर गेलं आहे, हे डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं होतं. त्यांचं पोट पाण्यानं भरायचं, काढलं की पुन्हा भरायचं. त्या विचारायच्या, "मी बरी होईन ना गो?" आणि तू त्यांचे पाय चेपत म्हणायचीस, "म्हनजे काय? प्रशांतच्या हलदीला पयला हात तुमचाच." प्रशांतचं तेव्हा लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं. आईंना उरणच्या भावाला बघायचं होतं. जमिनीवरून त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला होता. दोनदा त्यांनी विषय काढला आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "बऱ्या व्हा, मंग आपून सगलीच जाव." आई गेल्या. भाऊ आला तो मयतीला. तिरडीला हात लावून तो माणूस जसा ओरडला ते तूही ऐकलंस.

त्या आठवड्यात आपलं भांडण झालं. मी म्हटलं, आईंना खरं कळलं असतं तर त्यांनी भावाला बोलावून घेतलं असतं. तू म्हणालीस, "मरनाऱ्याला मरन सांगू नये. शेवटचा घास गोड लागाला पायजे." मी म्हटलं, घास त्यांचा आहे, गोड की कडू ते त्यांना ठरवू दे. तू म्हणालीस, "तू लय शिकलीस." त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. ते भांडण तसंच राहिलं.

आणि तुझा तो नियम घरातल्या सगळ्यांनी नीट ऐकून ठेवला होता.

पाळी जाऊन वर्षं झाल्यावर तुला पुन्हा अंगावर जायला लागलं. तू ते लपवलंस. लपवेनासं झालं तेव्हा मला सांगितलंस. तपासण्या झाल्या. पनवेलच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला, तुझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" पन्नाशी नुकतीच ओलांडलेली तू, आणि आजी! तू बाहेर गेलीस. मीही तुझ्याबरोबर बाहेर बसले, कारण आत भाऊजी, नितीन आणि प्रशांत होते आणि खुर्च्या संपल्या होत्या. दार लोटलेलं होतं. आजार तुझ्या पोटात होता आणि बोलणं दाराच्या पलीकडे चाललं होतं. बाहेर येऊन भाऊजी म्हणाले, "साधी गाठ हाय. शेक दिला की जाईल." त्यांचे डोळे लाल होते. तू म्हणालीस, "चला मंग, उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तू मला विचारलंस.

"बाय, खरा सांग. कॅन्सर हाय ना?"

नितीननं मला खरं सांगून शपथ घातली होती, तुला कळू द्यायचं नाही. मी ती मोडली. मी म्हटलं, "हो ताई. गर्भपिशवीच्या तोंडाचा. उपचार आहेत, पण पुढे गेलेला आहे."

तुझा हात थांबला नाही. तू भाकरी उलटलीस, फुगेपर्यंत वाट पाहिलीस, काढलीस. मग म्हणालीस, "यांना नको सांगू मना ठाव हाय म्हनून."

"का?"

"रडतील. यांना रडताना नाय बघवत मना."

इथंच मी तुझं ऐकायला नको होतं, असं मला कुणी म्हणेल. पण तो अधिकार तुझा होता आणि मी तो मानला. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या दिवसापासून आपल्या घरात सगळे नाटक करू लागले. ते तुझ्यासाठी करत होते, तू त्यांच्यासाठी. रेडिएशनचा शेक घ्यायला तुला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेत तेव्हा भाऊजी दारावरची पाटी दिसू नये म्हणून तुझ्या पुढे उभे राहायचे. तुला वाचता येत नाही, हेही ते घाबरून विसरले होते. आणि तू त्यांना विचारायचीस, "गाठ लहान झाली का?"

शेकानं तुला वर्षभर दिलं. भाकऱ्या पुन्हा सुरू झाल्या. प्रशांतची हळद झाली, तू नाचलीससुद्धा. मग कंबर दुखायला लागली.

आजार मणक्यापर्यंत पोचला होता. मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, आता शेक नाही, ऑपरेशन नाही, पण दुखणं कमी करण्याचा आमचा वेगळा विभाग आहे, तिथे जा. भाऊजींनी यातलं फक्त "नाही" ऐकलं. "हाकलला आपल्याला," असं ते जिन्यातून उतरताना म्हणाले. मी हट्ट धरून सगळ्यांना त्या विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई आठवतात ना? त्यांनी कुणालाही बाहेर बसवलं नाही. स्वतःची खुर्ची तुझ्याजवळ ओढली, तुझा हात हातात घेतला आणि कुणाकडेही न बघता तुला विचारलं, "यमुनाबाई, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे? आणि पुढे काय करायचं, काय नाही, ते तुम्हाला स्वतः ठरवायला आवडेल का?"

ताई, इतक्या महिन्यांत तुला पहिल्यांदा कुणी विचारत होतं. भाऊजी समोर, प्रशांत समोर, नितीन समोर. एक वाक्य पुरलं असतं. "मना ठाव हाय सगला," एवढं म्हणायचं होतंस. गावकीत उभं राहून सरपंचाला गप्प करणारी तू.

तू भाऊजींकडे पाहिलंस. त्यांची हनुवटी थरथरत होती. आणि तू म्हणालीस, "यांनाच विचारा. यांना समजतं."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. तू तेच सांगितलंस. येताना गाडीत मी तुझ्याशी बोलले नाही. कळंबोलीच्या पुलाखाली तू माझा हात दाबलास. मी हात काढून घेतला.

त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. कशा घ्यायच्या, पोट साफ राहायला सोबत काय घ्यायचं, सगळं समजावलं. घरी आल्यावर भाऊजींनी त्या कपाटात कुलपात ठेवल्या. "गर्दुल्ले घेतात त्यातला हाय हा. सवय लागंल तिला. आनि ही गोली म्हनजे शेवट, सगल्यांना ठाव हाय." मग प्रशांतच्या मित्रानं सांगितलेल्या खासगी डॉक्टरकडे तुला नेलं. तो म्हणाला, केमो देऊन बघू. बघू! तुझे केस गेले, तोंड आलं, पाणी गिळवेना, आणि कंबर होती तशीच. तू पदराचा बोळा दातात धरायचीस. पदराला भोकं पडली होती. क्लासमधली मुलं मला विचारायची, "बाई, आत कोण ओरडतंय?"

एका दुपारी मी फळ्यावर खडू ठेवला आणि भाऊजींसमोर जाऊन उभी राहिले.

"किल्ली द्या."

"तू यात पडू नको."

"भाऊजी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दुखतंय तेवढी गोळी दिली तर ते व्यसन नसतं. आणि सवय लागेल म्हणता, कधी लागेल? किती वर्षांनी? तेवढी वर्षं आहेत का तिच्याजवळ?"

या घरात त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. नितीन मधे पडला, "अगं, काय बोलतेस?" आतून तुझा आवाज आला. शब्द नव्हते त्यात, नुसता आवाज. भाऊजींनी किल्ली जमिनीवर टाकली. हातात दिली नाही. मी ती उचलली.

पुढचे थोडे चांगले दिवस तूच मला दिलेस, त्यांच्यापाशी आले की लिहिताना मला थांबावं लागतं आहे. पहिल्या गोळ्यांनी तू खूप झोपलीस, भाऊजी दर थोड्या वेळानं तुझ्या नाकाशी बोट धरून बघत होते. मग तू उठलीस आणि म्हणालीस, "जवला हाय का घरात?" जवळ्याची चटणी आणि भाकरी मागितलीस. भाकरी मी केली. तू ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिलीस. "ही भाकरी हाय का पायपुसना?" मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना.

तू ओट्यावर बसू लागलीस. भाडेकरूंना ओरडू लागलीस. तेल माझ्याकडून डोक्याला लावून घेतलंस, नुकत्या उगवलेल्या केसांना. अशाच एका सकाळी मला म्हणालीस, "आमच्या शेजारची गेली तशी मना नको ठेवू. नल्या घालून, हात बांधून. मना घरी जावाचा हाय, म्हनजे घरातूनच जावाचा हाय. या ओट्यावरून."

मी म्हटलं, "ताई, हे मला सांगून काय उपयोग? सही भाऊजींची लागते. त्यांना सांग. प्रशांतला सांग."

"सांगीन."

"आज सांग."

"सांगीन गो. आता जरा बरा वाटतं. कशाला सगल्यांची तोंडा उतरवू?"

त्यानंतर मी रोज विचारायचे, सांगितलंस का? तू रोज म्हणायचीस, सांगीन. शेवटी तू चिडलीस, "तुना घाई झालीय का माझी?" हे तुझं माझ्याशी शेवटचं भांडण. त्याचं उत्तर मी दिलं नाही. आता देते. हो, घाई झाली होती. तू जावंस म्हणून नव्हे, तू बोलावंस म्हणून.

तुझी लघवी कमी होत गेली आणि एका सकाळी तुला धाप लागली. मी खांदा कॉलनीत माहेरी, माझ्या आईकडे गेले होते. प्रशांत घाबरला. कोणताही मुलगा घाबरेल. त्यानं तुला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे कुणी विचारलं नाही की या बाईंना काय झालंय, किती दिवसांचं आहे, यांचं म्हणणं काय. श्वास कमी पडतोय म्हणून नळी घातली. मी पोचले तेव्हा तू काचेच्या पलीकडे होतीस. नळी ओढू नये म्हणून तुझे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधले होते.

मी डॉक्टरांना म्हटलं, "तिला हे नको होतं. तिनं सांगितलंय."

"लेखी आहे?"

"तिला लिहिता येत नाही."

"मग तुम्ही कोण?"

"जाऊ."

"मिस्टरांशी बोला," म्हणाले. "आणि मशीन बंद वगैरे आम्हाला करता येत नाही. न्यायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर न्या, मिस्टरांची सही लागेल."

मग मी जिन्याखाली तिघांना गाठून सगळं सांगितलं. तुला पहिल्यापासून माहीत होतं ते, ओट्याचं, सगळं. प्रशांत माझ्या अंगावर आला, "काकी, तू सांगितलंस तिला? तूच धीर खचवलास तिचा!" ज्या पोराला मी मांडीवर घेऊन पाढे शिकवले तो. मी म्हटलं, "धीर खचलेली बाई तुझ्या हळदीत नाचली का रे?" भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मी सही केली तर मीच मारली असा होईल. गाव काय बोलंल?"

गाव, ताई. तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि आम्ही गावाचा विचार करत होतो.

भेटायच्या वेळेत भाऊजी आत गेले. तू शुद्धीवर होतीस. बाहेर आले ते थेट माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, "हात लावला तर तिनं तोंड फिरवला." आणि थोड्या वेळानं, "खराच तिला ठाव होता? पयल्यापासून?"

"हो."

"मंग मना का नाय बोलली?"

"तुम्ही रडाल म्हणून."

ते रडले. त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. काही बिघडलं नाही. आभाळ कोसळलं नाही. तोंड पुसून ते उठले आणि प्रशांतला म्हणाले, "कागद आन. मी सही करतंय. आईला घरी न्यायची." मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. घरी नळी काढल्यावर तुला त्रास होऊ नये म्हणून काय द्यायचं, ते त्यांनी आपल्या गावातल्या डॉक्टरांना समजावून सांगितलं. अॅम्ब्युलन्स ठरली. भाऊजी ओटा धुवायला, खाट मांडायला पुढे गेले.

ते खाटेवर चादर घालत असताना तू गेलीस. तिकडेच, काचेच्या पलीकडे. आम्हाला आत बोलावलं तेव्हा पट्ट्या सोडलेल्या होत्या. मनगटांवर वळ होते. मी ते चोळत राहिले. जातील असं मला वाटत होतं.

आता तू म्हणशील, झालं ते झालं. नाही. तुला इतक्या स्वस्तात सोडणार नाही मी. तुझ्यावर प्रेम करणारी माणसं होती ती, आणि त्यांना तुझ्याशी वाईट वागायला तू मोकळं रान दिलंस. त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून. आणि त्यांनी तुला शेवटपर्यंत कुकुल्या बाळासारखं वागवलं, तुझं मन मोडू नये म्हणून. मला सांग, यात माया कुठे संपली आणि भित्रेपणा कुठे सुरू झाला?

काल तुझं उत्तरकार्य झालं. पाहुणे गेले. मी भांडी आवरत होते तेव्हा भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. इतक्या वर्षांत ते त्या दारात कधी उभे राहिले नव्हते. म्हणाले, "चहा टाक. आनि नितीनला, प्रशांतला, सूनबाईला बोलाव."

मी चहाचे कप मांडले, सगळे बसलो. भाऊजी म्हणाले, "आता एकेकानं सांगावा. आपल्यावर तशी वेळ आली तर कुनाला काय पायजे. मी पयला सांगतंय. मना मशीन नको. दुखाला लागला तर गोली द्या, कुलपात ठेवू नका. आनि काय झालाय ते माझ्या तोंडावर बोला."

नितीन म्हणाला, "दादा, आजच्या दिवशी कशाला हे?"

"आजच."

मग नितीननं सांगितलं, अडखळत, माझ्याकडे बघत. मी सांगितलं. सूनबाईनं सांगितलं, तिचा आवाज सगळ्यात स्पष्ट होता. शेवटी प्रशांत उरला. तो म्हणाला, "मला सगळं करायला हवंय. शेवटपर्यंत सगळं." भाऊजी म्हणाले, "बरा. तुझ्यासाठी तसा करू." कुणी त्याला हसलं नाही, कुणी समजावलं नाही.

कप हातात घेतले तेव्हा चहा अजून गरम होता, ताई. एवढ्याशा वेळात सगळ्या घराचं बोलून झालं आणि चहा अजून गरम होता. तू गेल्यापासून मला इतका राग आला नव्हता.